कोणती ओळ केव्हा चालते? क्वांटम-पारंपरिक मिश्र प्रोग्रॅमिंगची सुरुवात

क्वांटम संगणकासाठी लिहिलेल्या उपयोगी प्रोग्रॅमचा बराच मोठा भाग पारंपरिकच असतो. सर्किट म्हणजे क्यूबिटांवर करायच्या क्रियांची साखळी रचणे, त्या क्रियांचे म्हणजे गेटांचे कोन ठरवणे, मापनाचे निकाल गोळा करणे आणि त्यांवरून पुढचे कोन काढणे ही कामे साधा प्रोसेसर करतो. क्यूबिटांवर, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूळ एककांवर, चालतो तो मधला लहानसा तुकडा. या दोन भागांना एकत्र लिहिता यावे म्हणून ज्या भाषा घडल्या आणि त्यांचे यंत्राला समजेल असे रूपांतर करणारे जे कम्पायलर तयार झाले, त्यांची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या नागपूरच्या वाचकांसाठी हा लेख आहे. व्हीएनआयटीत किंवा वारंग्याच्या ट्रिपल आयटीत शिकणारा विद्यार्थी असो, अथवा आयटी पार्क किंवा मिहानमध्ये नोकरी करून शनिवार-रविवारी नवे काही शिकू पाहणारा अभियंता असो, त्याला पायथन येत असावे आणि मॅट्रिक्सचा गुणाकार हाताने करता येत असावा, एवढीच अपेक्षा आहे. खरे क्वांटम यंत्र इंटरनेटवरूनच वापरायचे असल्याने नागपुरात बसून शिकणाऱ्याचे काही अडत नाही.

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा "कोणती भाषा शिकू?" असा असतो. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी शिकायचे ते हे, की आपल्या प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ केव्हा चालते: सर्किट यंत्राकडे जाण्याआधी, क्यूबिट जिवंत असताना, की सर्किट पूर्ण होऊन निकाल परत आल्यावर. ही वर्गवारी जमली की भाषा काही दिवसांत बदलता येते. ती जमली नाही तर कोणत्याही भाषेत तीच गफलत होत राहते.

पहिली पायरी: संगणकाची तयारी

सरावासाठी साधा लॅपटॉप पुरतो, पण त्याची मर्यादा आधी मोजून घ्यावी. एका क्यूबिटची भर पडली की सिम्युलेटरला, म्हणजे क्वांटम यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, साठवाव्या लागणाऱ्या संख्या दुप्पट होतात आणि प्रत्येक संमिश्र संख्येला १६ बाइट लागतात. म्हणजे २८ क्यूबिटांना ४ जीबी आणि ३० क्यूबिटांना १६ जीबी स्मृती लागते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर २६-२७ क्यूबिटांच्या पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. या लेखातील सरावांना दोन ते पाच क्यूबिट पुरेसे आहेत. वेळेची तुलना करणारे प्रयोग मात्र एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी करू नयेत. नागपूरच्या उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आकडे फसवे येतात.

पायथनचे स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तयार करून त्यात आयबीएमचा क्वांटम प्रोग्रॅमिंग संच किसकिट आणि त्याचा सिम्युलेटर एअर ही दोन पॅकेजे टाकावीत. किसकिटची १.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात अनेक जुन्या सोयी काढून टाकल्या गेल्या. सर्किट थेट चालवणारे जुने एक्झिक्यूट फंक्शन त्यांपैकीच एक. इंटरनेटवरच्या जुन्या व्हिडिओंमधला मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि पहिल्याच ओळीला त्रुटी आली, तर दोष आपल्या संगणकात शोधण्याआधी धडा कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे ते पाहावे.

दुसरी पायरी: एक छोटे सर्किट आणि त्याचे रूपांतर

दोन क्यूबिट घ्यावेत, पहिल्यावर हॅडमार्ड गेट (शून्य व एक यांचे समसमान मिश्रण करणारे) लावावे, पहिल्यावरून दुसऱ्यावर कंट्रोल्ड-नॉट म्हणजे सीएक्स (पहिला एक असेल तरच दुसरा उलटवणारे) लावावे आणि दोन्ही मोजावेत. हजार वेळा चालवल्यास दोन्ही शून्य किंवा दोन्ही एक असे निकाल साधारण निम्मे-निम्मे मिळतात. अगदी ५००-५०० येण्याची वाट पाहू नये. हजार शॉटांत, म्हणजे हजार वेळा चालवण्यात, १६ च्या आसपास फरक पडणे स्वाभाविक आहे आणि ४७० ते ५३० मधला कोणताही आकडा शंका घेण्यासारखा नाही.

इथपर्यंत सगळेच येतात. कम्पायलर दिसू लागतो तो यानंतर. हेच सर्किट एखाद्या खऱ्या यंत्राच्या वर्णनासाठी ट्रान्सपाइल करावे, म्हणजे त्या यंत्राला चालणाऱ्या गेटांत रूपांतरित करावे, आणि आधीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवावे. आयबीएमच्या हेरॉन जातीच्या यंत्रांना हॅडमार्ड थेट समजत नाही. त्यांची गेटे म्हणजे आरझेड, एसएक्स, एक्स आणि सीझेड. म्हणून हॅडमार्डच्या जागी आरझेड-एसएक्स-आरझेड अशी साखळी येते आणि सीएक्सच्या जागी सीझेडच्या आजूबाजूला काही एकक्यूबिटी गेटे बसतात.

आता पाच क्यूबिट घेऊन पहिल्या आणि पाचव्यामध्ये सीएक्स लावावे, आणि यंत्र मात्र असे निवडावे की ज्यात क्यूबिट एका ओळीत आहेत व फक्त शेजाऱ्यांमध्येच दोनक्यूबिटी गेट चालते. खापरीहून लोकमान्यनगरला मेट्रोने जाणाऱ्याला सीताबर्डीला उतरून गाडी बदलावीच लागते, तसे इथे दूरच्या क्यूबिटांची माहिती स्वॅप गेटांनी सरकवत शेजारी आणावी लागते. प्रत्येक स्वॅप म्हणजे तीन सीएक्स, आणि दोनक्यूबिटी गेटे हाच त्रुटींचा मोठा स्रोत असल्याने ही सरकवासरकव महागात पडते. कोणता क्यूबिट कुठे बसवायचा आणि कोणत्या मार्गाने सरकवायचा याचे सर्वोत्तम उत्तर शोधणे मोठ्या सर्किटांसाठी अत्यंत कठीण असते, म्हणून कम्पायलर अंदाजाने चांगले उत्तर शोधतात. किसकिट यासाठी २०१९ साली मांडलेल्या सेबर या पद्धतीवर आधारलेली पद्धत वापरते. तिच्यात यादृच्छिकता असल्याने तेच सर्किट दोनदा रूपांतरित केले तर गेटांची संख्या वेगळी येऊ शकते. तुलना करताना सीड (यादृच्छिकतेची सुरुवातीची संख्या) निश्चित ठेवावे, नाहीतर सुधारणा झाली की नुसता योग आला हे कळणार नाही.

तिसरी पायरी: तीन काळ

लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून येथे सावकाश वाचावे.

पहिला काळ सर्किट रचण्याचा. पायथनमध्ये फॉर-लूप लिहून दहा क्यूबिटांवर हॅडमार्ड लावले, तर तो लूप आपल्या लॅपटॉपवर चालतो आणि यंत्राकडे जाताना त्याचा मागमूसही राहत नाही. तिकडे जातात ती सुटी सुटी दहा गेटे. या काळातले सगळे काही सर्किट सुरू होण्यापूर्वी माहीत असावे लागते.

दुसरा काळ क्यूबिट जिवंत असतानाचा. अतिवाहक क्यूबिटांची अवस्था शेकडो मायक्रोसेकंदांच्या पातळीवर टिकते. त्या अवधीत एखादा क्यूबिट मोजून, निकाल पाहून, दुसऱ्या क्यूबिटवर गेट लावायचे की नाही हे ठरवायचे असेल, तर तो निर्णय यंत्राच्या शेजारच्या नियंत्रण-इलेक्ट्रॉनिक्सनेच घ्यायला हवा. नागपूरहून दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास दहा ते शेकडो मिलिसेकंद लागतात. निकाल इथे आणून उत्तर परत पाठवेपर्यंत क्यूबिटची अवस्था केव्हाच विरलेली असते.

तिसरा काळ निकाल परत आल्यानंतरचा. हजारो शॉटांची सरासरी काढणे, ऊर्जा मोजणे, पुढचा कोन ठरवणे, आलेख काढणे ही कामे इथली, आणि येथे सेकंदा-दोन सेकंदांची फिकीर नसते.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या काळातले काम पहिल्या काळाच्या वाक्याने करू पाहणे. मापनाचा निकाल एक आला तर एक्स गेट लाव, असे पायथनच्या साध्या इफने लिहिले जाते. परंतु ते इफ सर्किट रचताना तपासले जाते आणि त्या क्षणी मापन झालेलेच नसते. म्हणून किसकिटमध्ये सर्किटच्या आत बसणारी इफ-टेस्ट ही वेगळी रचना दिली आहे. जुन्या धड्यांत दिसणारी सी-इफ ही पद्धत २.० आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

याचा सराव म्हणून क्वांटम टेलिपोर्टेशनचे (एका क्यूबिटची अवस्था दुसऱ्यावर नेण्याचे) तीन क्यूबिटांचे सर्किट लिहावे. त्यात दोन क्यूबिट मोजून त्यांच्या निकालांनुसार तिसऱ्यावर एक्स आणि झेड लावायचे असतात. ते झाले की सर्किट ओपनकॅझम ३ या भाषेत लिहून घ्यावे आणि तो मजकूर ओळीओळीने वाचावा. तिची २०१७ सालची दुसरी आवृत्ती गेटांची यादी आणि एका मर्यादित अटीपुरतीच होती. २०२१ मध्ये मांडलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पूर्णांक, कोन व कालावधी असे प्रकार, इफ, फॉर, व्हाइल आणि बाहेरच्या पारंपरिक फंक्शनला हाक मारण्याची सोय आली. दुसऱ्या काळातल्या गोष्टी भाषेत उघडपणे लिहिता याव्यात यासाठीच ही सारी भर आहे, असे समजून वाचले की ती लांबलचक वाटत नाही.

यंत्र हे सगळे पेलू शकते का, हा स्वतंत्र प्रश्न. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एलएलव्हीएम या कम्पायलर-संचावर आधारलेले क्यूआयआर हे भाषा आणि यंत्र यांच्यामधले मध्यस्थ रूप जाहीर केले. त्यात यंत्राच्या कुवतीनुसार प्रोफाइल ठरवलेली आहेत. बेस प्रोफाइलमध्ये मापनावर अवलंबून फांद्या फुटत नाहीत. गेटे लावा, शेवटी मोजा, संपले. अॅडॅप्टिव्ह प्रोफाइलमध्ये मधले मापन आणि त्यावरचे निर्णय चालतात. बेस प्रोफाइलच्या यंत्रासाठी टेलिपोर्टेशन कम्पाइल करायला सांगितले आणि कम्पायलरने नकार दिला, तर तो नकार नीट वाचावा. तीन काळांचा धडा त्या संदेशात असतो.

चौथी पायरी: एक संपूर्ण मिश्र प्रोग्रॅम

आता तिन्ही काळ एका प्रोग्रॅममध्ये आणू. हायड्रोजन रेणूची किमान ऊर्जा काढण्याचे उदाहरण जुने आणि चावून चोथा झालेले आहे हे खरे, पण त्याची उत्तरे कागदावर पडताळता येतात, म्हणून मी तेच सुचवतो. कोन बदलत बदलत किमान ऊर्जा शोधणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीक्यूई या पद्धतीचे हे सर्वांत छोटे रूप आहे.

दोन्ही अणूंमधील अंतर ०.७३५ अँगस्ट्रॉम असताना रेणूचे ऊर्जासूत्र दोन क्यूबिटांवर पाच पदांत मावते: स्थिर पद −१.०५२४, क्यूबिट शून्यवरच्या झेडचा गुणक +०.३९७९, क्यूबिट एकवरच्या झेडचा −०.३९७९, दोन्हींवरच्या झेडचा −०.०११३ आणि दोन्हींवरच्या एक्सचा +०.१८०९. सर्किट असे लिहावे: क्यूबिट शून्यवर थीटा कोनाने फिरवणारे आरवाय गेट, मग शून्यवरून एकवर सीएक्स, आणि शेवटी क्यूबिट एकवर एक्स. मापनाच्या दोन तऱ्हा लागतात. झेडच्या तिन्ही पदांसाठी सरळ मोजावे, आणि एक्सच्या पदासाठी मोजण्यापूर्वी दोन्ही क्यूबिटांवर हॅडमार्ड लावावे.

या सर्किटसाठी ऊर्जा कागदावर काढली तर ती −१.०४११ अधिक ०.७९५८ गुणिले कोसाइन थीटा अधिक ०.१८०९ गुणिले साइन थीटा इतकी येते. तिचे किमान मूल्य −१.८५७ असून ते थीटा ३.३७ रेडियनच्या आसपास मिळते. त्यात केंद्रकांमधील प्रतिकर्षणाचे ०.७२० मिळवले की −१.१३७ हार्ट्री (अणुपातळीवरचे ऊर्जेचे एकक) ही रेणूची ऊर्जा येते. सिम्युलेटरचे उत्तर या आकड्यांशी ताडून पाहावे.

येथे एक सापळा आहे. किसकिट क्यूबिट शून्यला सर्वांत उजवीकडे लिहिते, तर गूगलच्या सर्क या संचासारख्या काही संचांत तो डावीकडे असतो. हा क्रम उलटा धरला तर झेडच्या दोन गुणकांची अदलाबदल होते, आणि गंमत अशी की किमान ऊर्जा तरीही तीच, −१.८५७, मिळते, फक्त कोन ३.३७ ऐवजी ६.०६ दिसतो. नुसते ऊर्जेचे उत्तर जुळले म्हणून समाधान मानणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. कोनही ताडून पाहावा.

आता कम्पायलरच्या दृष्टीने पाहू. थीटाची किंमत प्रत्येक फेरीत बदलते, सर्किटचा आकार बदलत नाही. म्हणून थीटा हा नावापुरता चल ठेवून सर्किट एकदाच ट्रान्सपाइल करावे आणि प्रत्येक फेरीत त्यात फक्त संख्या भरावी. एका चलासाठी याने फारसा फरक पडणार नाही, पण २० चलांचा प्रोग्रॅम घ्या: पॅरामीटर-शिफ्ट नियमानुसार प्रत्येक चलाचा उतार काढायला कोन पाव वर्तुळाने पुढे आणि मागे सरकवून दोन मापने करावी लागतात, म्हणजे फेरीला ४० सर्किटे आणि शंभर फेऱ्यांना ४०००. दरवेळी नव्याने ट्रान्सपाइल करणारा प्रोग्रॅम क्वांटम यंत्राची नव्हे, स्वतःच्याच लॅपटॉपची वाट पाहत बसतो.

शॉटांचा हिशेबही आधी करावा. या उदाहरणात किमान बिंदूपाशी प्रत्येक तऱ्हेचे हजार शॉट घेतले तर ऊर्जेतील सांख्यिकी त्रुटी साधारण ०.००८ हार्ट्री येते. रसायनशास्त्रात उपयोगी मानली जाणारी अचूकता ०.००१६ च्या आसपास आहे. तिथवर पोहोचायला शॉट पंचवीसपट लागतात. ही त्रुटी कोणताही कम्पायलर कमी करू शकत नाही.

खऱ्या यंत्रावर काम पाठवल्यास मिळणारा जॉबचा क्रमांक आणि प्रत्येक फेरीनंतरचा कोन लगेच फाइलमध्ये लिहावा. घरची वीज गेली किंवा वायफाय बंद पडले तरी रांगेत लागलेला जॉब तिकडे चालूच राहतो आणि क्रमांक हाताशी असेल तर निकाल नंतर मागवता येतो.

पाचवी पायरी: कम्पायलरच्या आत हात घालणे

इथपर्यंत आलेल्या वाचकाने स्वतःचा एक छोटा पास लिहावा. पास म्हणजे सर्किट घेऊन त्याच अर्थाचे दुसरे सर्किट देणारा टप्पा. सुरुवातीला एवढेच करावे: एकाच क्यूबिटवर लागोपाठ आलेली दोन हॅडमार्ड काढून टाकणे, त्याच दोन क्यूबिटांवर त्याच दिशेने लागोपाठ आलेली दोन सीएक्स काढून टाकणे, आणि शेजारच्या दोन आरझेडांचे कोन मिळवून एक करणे. किसकिटमध्ये सर्किट हे दिशायुक्त आलेखाच्या रूपात मिळते, त्यामुळे "लागोपाठ" याचा अर्थ मजकुरातील शेजारच्या ओळी असा नसून त्या क्यूबिटच्या तारेवरचे शेजारी असा घ्यावा.

पास बरोबर आहे का हे तपासण्यासाठी तीन-चार क्यूबिटांची यादृच्छिक सर्किटे तयार करावीत आणि आधीच्या व नंतरच्या मॅट्रिक्सची तुलना करावी. तुलना करताना सर्वव्यापी फेज (संपूर्ण मॅट्रिक्सला लागणारा सामाईक संमिश्र गुणक) सोडून द्यायची असते, असे पुस्तके सांगतात आणि ते एकट्या सर्किटसाठी बरोबरही आहे. पण आरझेड आणि फेज ही दोन गेटे केवळ अशाच फेजने वेगळी असतात, आणि त्यांची कंट्रोल्ड रूपे मात्र खरोखर वेगळी वागतात. ज्या पासने एकाच्या जागी दुसरे गेट ठेवले आणि फेजची नोंद ठेवली नाही, तो पास स्वतःच्या चाचणीत उत्तीर्ण होऊन मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुकीचे उत्तर देऊ शकतो. चाचण्यांत कंट्रोल्ड सर्किटेही घालावीत.

पुढचा टप्पा एमएलआयआर या कम्पायलर रचण्याच्या चौकटीचा. एनव्हिडियाची सीयूडीए-क्यू, तसेच पेनीलेन या क्वांटम प्रोग्रॅमिंग संचासाठी झानाडू कंपनीने केलेला कॅटालिस्ट हा कम्पायलर, हे दोन्ही त्यावर उभे आहेत. त्यांच्या मध्यस्थ रूपात एक महत्त्वाची कल्पना दिसते: गेट क्यूबिटला बदलते असे न लिहिता, गेट जुने क्यूबिट-मूल्य घेते आणि नवे मूल्य परत देते असे लिहायचे. मग कोणते गेट कोणावर अवलंबून आहे हे मूल्यांच्या धाग्यावरून थेट दिसते आणि नेहमीच्या कम्पायलरांतली अनेक तंत्रे जवळपास तशीच लागू पडतात. अट एवढीच, की प्रत्येक मूल्य एकदाच वापरले जावे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही हे १९८२ मध्ये सिद्ध झालेले प्रमेय येथे कम्पायलरच्या नियमाच्या रूपात अवतरते. क्वांटिन्युअम कंपनीच्या गप्पी या भाषेत हा नियम प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासला जातो. एकच क्यूबिट दोन ठिकाणी दिला तर कम्पायलर तिथेच थांबवतो.

सहावी पायरी: भाषा निवडणे

आता भाषेचा प्रश्न विचारायला हरकत नाही. सर्किट, ट्रान्सपाइल आणि खरे यंत्र हा मार्ग शिकायचा असेल तर किसकिट. कोनांचे उतार काढणे आणि मशीन लर्निंगच्या संचांशी जोडणे हा हेतू असेल तर पेनीलेन. सी-प्लस-प्लस येत असेल आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ग्राफिक्स कार्ड उपलब्ध असेल तर सीयूडीए-क्यू. विंडोजवर ती डब्ल्यूएसएल या लिनक्स चालवण्याच्या सोयीतून वापरावी. भाषेची रचना म्हणून अभ्यास करायचा असेल तर मायक्रोसॉफ्टची २०१७ साली आलेली क्यू-शार्प वाचावी: तिच्यात तात्पुरते काम करून ते पुन्हा उलटे फिरवण्यासाठी विदिन-अप्लाय ही रचना आहे, आणि तात्पुरत्या क्यूबिटांवर उरलेला कचरा उत्तर का बिघडवतो हे ती वापरताना लवकर समजते. झ्युरिकच्या ईटीएचमध्ये तयार झालेली सिल्क ही भाषा हीच सफाई कम्पायलरवर सोपवते. या शेवटच्या दोन भाषांत मला स्वतःला अधिक रस वाटतो, पण पहिल्याच महिन्यात त्यांच्या मागे लागू नये.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली आणि त्यातील संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. अशा ठिकाणी इंटर्नशिप शोधणाऱ्याने अर्जासोबत अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे जोडण्याऐवजी पाचव्या पायरीतला पास, त्याच्या चाचण्या आणि त्याने किती दोनक्यूबिटी गेटे वाचली याचा तक्ता, असा गिटहबवरचा एक नीटनेटका संग्रह जोडावा. किसकिट, पेनीलेन आणि सीयूडीए-क्यू यांचा मूळ कोड खुला आहे. नवशिक्यांसाठी खूण केलेल्या त्रुटींच्या यादीतून दस्तऐवजाची किंवा चाचणीची एखादी लहान दुरुस्ती निवडून पहिला बदल पाठवावा.